वचनविचार आणि संगणकाचे साचे



व्याकरणाच्या तासाला 'वचन' हे प्रकरण निघाले की वर्गात थोडी सुस्ती पसरते. एक म्हणजे एकवचन, एकाहून अधिक म्हणजे अनेकवचन. यात शिकण्यासारखे ते काय, असे पुष्कळांस वाटते. परंतु अलीकडे आपल्यात असा एक विद्यार्थी आला आहे की, ज्याला गणित आपल्या सर्वांहून उत्तम येते, आणि वचन मात्र मुळीच येत नाही. तो विद्यार्थी म्हणजे संगणक. त्याला वचन शिकवू जाता आपली मराठी आपल्यालाच नव्याने दिसू लागते. म्हणून या लेखात आपण त्याची शिकवणी घेऊ.

संख्या निराळी आणि वचन निराळे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. संख्या ही वस्तूंची असते. वचन हे शब्दांचे असते. टोपलीत पाच फळे आहेत, ही गोष्ट भाषा नसती तरी खरीच असती. पण 'फळ' या शब्दाचे 'फळे' व्हावे, 'आहे' चे 'आहेत' व्हावे, ही भाषेची आज्ञा आहे. संगणक संख्या जाणतो. ही आज्ञा जाणत नाही. ती त्याला कोणीतरी लिहून द्यावी लागते.

साचा म्हणजे काय?

दूरध्वनीच्या पडद्यावर, बँकेच्या किंवा शाळेच्या संकेतस्थळावर आपण जी वाक्ये वाचतो, ती दर वेळी कोणी माणूस बसून लिहीत नाही. एक वाक्य आधीच लिहून ठेवलेले असते व त्यात संख्येपुरती जागा मोकळी सोडलेली असते. याला साचा म्हणतात. गणपतीच्या मूर्तीचा साचा एक, माती निराळी. तद्वत वाक्य एक, संख्या निराळी. उदाहरणार्थ :

बाजारात … पेट्या आल्या.

मोकळ्या जागी ५ घातले की 'बाजारात ५ पेट्या आल्या' असे शुद्ध वाक्य तयार होते. १ घातला तर? 'बाजारात १ पेट्या आल्या.' गणित बरोबर, मराठी चूक.

इंग्रजीत साचे लिहिणाऱ्यांनी यावर एक सोपी पळवाट काढली. त्या भाषेत बहुतेक नामांना शेवटी 'एस' हे एक अक्षर जोडले की अनेकवचन होते. म्हणून ते अक्षर कंसात लिहून मोकळे होता येते. वाचणारा हवे तेव्हा ते वाचतो, नको तेव्हा सोडतो. आपल्या लिपीत ही युक्ती चालत नाही. 'फळ' चे 'फळे' करणारी मात्रा व्यंजनावाचून एकटी कंसात उभी राहू शकत नाही. संगणकाने ती तशी लिहिलीच तर तिच्या खाली किंवा शेजारी ठिपक्यांचे एक पोकळ वर्तुळ उमटते, जणू ती आपले हरवलेले अक्षर शोधीत आहे. आणि 'फांदी' चे 'फांद्या' होताना तर शब्दाचा शेवटच बदलून जातो. तिथे कंसात घालायचे तरी काय?

संत्र्याच्या झाडाचा पाठ

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याची बाग न पाहिलेला विद्यार्थी विरळा. तेव्हा पुस्तक मिटून बागेकडे पाहू. एकाच झाडापाशी मराठीतील वचनाचे बहुतेक प्रकार भेटतात.

झाड – झाडे, पान – पाने, फूल – फुले : ही अकारान्त नपुंसकलिंगी नामे. यांना एकार लागतो; 'फूल' मधला दीर्घ ऊकार जाता जाता ऱ्हस्वही होतो.

फांदी – फांद्या, कळी – कळ्या, पेटी – पेट्या : ही ईकारान्त स्त्रीलिंगी. पण 'बी' चे अनेकवचन 'ब्या' होत नाही, 'बिया' होते.

बाग – बागा, परंतु फोड – फोडी आणि साल – साली : तिन्ही अकारान्त, तिन्ही स्त्रीलिंगी, तरी पहिल्याला आकार, उरलेल्या दोहोंना ईकार. कोणाला काय लागेल हे नियमाने सांगता येत नाही. ते ऐकून व वाचूनच कळते.

मळा – मळे : आकारान्त पुल्लिंगी. ढीग – ढीग, मजूर – मजूर : अकारान्त पुल्लिंगी. यांचे रूप मुळीच बदलत नाही.

आणि रस? 'एक रस, दोन रस' असे संत्र्याच्या रसाविषयी आपण म्हणत नाही. तो मोजायचा तर पेला किंवा लिटर मध्ये आणावे लागते : एक पेला रस, दोन पेले रस.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली निघाले. अशा ग्रंथकारांनी या रूपांची व्यवस्था लावण्यासाठी किती श्रम घेतले असतील, याची कल्पना या एका झाडावरून यावी.

वचन नामात राहत नाही, वाक्यात राहते

आता पुढची पायरी. 'ढीग', 'मजूर', 'शाळा', 'सूचना' ही नामे दोन्ही वचनांत सारखीच राहतात. मग यांच्या साच्यात अडचण नाही, असे वाटेल. पाहू.

एक ढीग विकला गेला. पाच ढीग विकले गेले.
एक मजूर आला. पाच मजूर आले.
एक नवी सूचना आली. पाच नव्या सूचना आल्या.

नाम जागचे हलले नाही. पण विशेषण बदलले, क्रियापद बदलले. म्हणजे मराठीत वचन हे नामाच्या शेपटीला बांधलेले नसते. ते सबंध वाक्यात भिनलेले असते. साचा लिहिणाऱ्याने केवळ नामाची दोन रूपे करून ठेवली तर काम अर्धेच होते. या लेखाचे तात्पर्य एका ओळीत सांगायचे तर हेच की, मराठीत शब्दाचे नव्हे, तर पूर्ण वाक्याचे दोन साचे करावे लागतात.

संगणकाला द्यायची आज्ञा मग अशी होते : संख्या १ असेल तर 'बाजारात १ पेटी आली' हे वाक्य घे, नसेल तर 'बाजारात इतक्या पेट्या आल्या' हे घे. मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या यंत्रणेत अशीच सोय आहे : एकवचनी व अनेकवचनी मजकूर एका उभ्या रेघेच्या दोन बाजूंना लिहून ठेवतात आणि संख्या पाहून यंत्र त्यांतील एक निवडते. तेथील संदेशांचे मराठी रूप पगारी नोकर नव्हेत, तर हौशी स्वयंसेवक घडवितात.

इतर भाषांचा संसार

दोनच वचने हा काही सृष्टीचा नियम नव्हे. संस्कृतात 'फलम्, फले, फलानि' अशी तीन रूपे तुम्ही पाठ केली आहेत. प्राकृत भाषांनी द्विवचन सोडले, त्यामुळे त्यांच्या वंशातील मराठीला ते मिळाले नाही. अरबीने ते अजून जपले आहे.

'युनिकोड कन्सॉर्शियम' ही संस्था जगातील भाषांविषयी जी माहिती संगणकासाठी एकत्र ठेवते, तीत वचनांचे सहा कप्पे मानले आहेत : शून्य, एक, दोन, थोडे, पुष्कळ आणि इतर. अरबी भाषा हे सहाही कप्पे वापरते. जपानी व चिनी भाषांना एकच पुरतो. रशियन भाषेत १, २१, ३१ यांना एक रूप, २ ते ४ व २२ ते २४ यांना दुसरे, आणि ५ ते २० यांना तिसरे लागते. म्हणजे तिथे एकवीस फळे एकवचनासारखी वागतात.

मराठीला 'एक' आणि 'इतर' असे दोन कप्पे आहेत. हिंदीलाही दोनच. परंतु दोहोंत एक बारीक भेद आहे, आणि तो आपल्या भागातील मुलांनी अवश्य जाणावा. त्या व्यवस्थेत हिंदीचे शून्य एकाच्या कप्प्यात बसते. मराठीचे शून्य 'इतर' मध्ये जाते. म्हणून हिंदी साच्याची आज्ञा उचलून तिच्यात मराठी शब्द भरले, तर '० पेट्या' च्या जागी '० पेटी' उमटेल.

हा प्रश्न आपल्याला इतका जवळचा का? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा २०२३ साली स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा बदलल्या, घरातील मराठी बदलली नाही. मात्र कचेरीची भाषा हिंदी आणि घराची मराठी, अशा दोन तीरांवर आपला दिवस जातो. दोन्ही भाषा उत्तम याव्यात, यात शंका नाही. पण एकीचा नियम दुसरीला लावू नये, यासाठी दोहोंचेही व्याकरण नीट यावे लागते.

एका टिंबाची गोष्ट

आता आपल्या लाडक्या फळाचेच नाव घ्या. पुस्तकी मराठीत 'संत्रे' हे नपुंसकलिंगी : एक संत्रे, पाच संत्री. बाजारात मात्र 'संत्रा' असा पुल्लिंगी शब्दही ऐकू येतो : एक संत्रा, पाच संत्रे. म्हणजे 'संत्रे' हे एकाचे एकवचन आणि दुसऱ्याचे अनेकवचन! त्यातून 'ताजे संत्रे आले' असे वाक्य लिहिले तर फळ एक आले की ढीगभर आले, हे वाक्यावरून मुळीच कळत नाही; कारण नपुंसकलिंगी एकवचनाचे 'आले' आणि पुल्लिंगी अनेकवचनाचे 'आले' ही रूपे आज सारखीच लिहितात.

ती पूर्वी सारखी नव्हती. जुन्या लेखनात नपुंसकलिंगी एकवचनावर टिंब देत : 'ताजें संत्रें आलें' म्हणजे एक, 'ताजे संत्रे आले' म्हणजे अनेक. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले व उच्चारात न उरलेला हा अनुस्वार गेला. लेखन सोपे झाले, पण एक खूण नाहीशी झाली. माझी मातृभाषा कोंकणी. तीत हा नासिक्य उच्चार अद्याप जिवंत आहे : एक केळें, पाच केळीं, एक घर, पाच घरां. पुल्लिंगी 'आंबो' चे अनेकवचन 'आंबे'. त्यामुळे मराठीतील हरवलेले टिंब कोंकणी कानाला चटकन आठवते.

जे टिंब उरले, ते मात्र सांभाळले पाहिजे. 'मुलाला' आणि 'मुलांना', 'विद्यार्थ्याने' आणि 'विद्यार्थ्यांनी' : येथे अनुस्वार आहे म्हणून अनेकवचन आहे. तो गाळणे म्हणजे केवळ शुद्धलेखनाची चूक नव्हे. त्याने वचनच मोडते.

आदराचे वचन

इथवर संगणकाला 'एक' आणि 'इतर' एवढे शिकवून भागत होते. परंतु आपल्या घरात एक असा व्यवहार आहे की, तिथे त्याचे सारे गणित थकते. 'आजी आली' असे आपण म्हणतो. 'आजोबा आले' असे म्हणतो. दोघेही एकेकच! 'गुरुजी आले', 'बाई आल्या' यांतही माणूस एकच असतो. संख्या एक, वचन अनेक. यालाच आदरार्थी बहुवचन म्हणतात.

समजा, एखाद्या शाळेने पालकसभेचा साचा असा केला की, संख्या १ असेल तर क्रियापद एकवचनी. त्या दिवशी एकच वडीलधारा गृहस्थ आला, तर पडद्यावर उमटेल : 'सभेस १ पालक आला.' यंत्राने आपल्या परीने आज्ञा पाळली. पण ज्या शेतकऱ्याने दिवसभराचे काम टाकून मुलासाठी शाळेची पायरी चढली, त्याला ते वाक्य टोचल्यावाचून राहील काय? 'सभेस १ पालक आले होते' असे लिहिण्यास एक अक्षरही जड पडत नाही. माणसांविषयीच्या साच्यात एकाच्या कप्प्यातही आदराचे रूप घालावे, हा नियम कोणत्याही यंत्राला आपोआप सुचणार नाही. तो मराठी घरात वाढलेल्या माणसानेच सांगावयाचा आहे.

शून्य, दीड आणि दोन संख्या

शून्याचा विचारही निराळा करावा. 'बाजारात ० पेट्या आल्या' हे व्याकरणाने चुकलेले नाही, पण मराठी माणूस असे बोलत नाही. तो म्हणतो, 'बाजारात एकही पेटी आली नाही.' गंमत अशी की, नसलेल्या वस्तूसाठी आपण 'एकही' वापरतो आणि वाक्य एकवचनी करतो. तात्पर्य, शून्यासाठी तिसरे वाक्य स्वतंत्र लिहिणे उत्तम.

अपूर्णांकांची तऱ्हा याहून मौजेची. 'पाऊण तास', 'सव्वा महिना', 'दीड महिना झाला' असे आपण म्हणतो; परंतु 'अडीच महिने झाले'. एक ओलांडला तरी दीडपर्यंत आपली जीभ एकवचनाशी इमान राखते. संगणकाला १.५ ही संख्या १ नाही एवढेच दिसते, म्हणून तो '१.५ महिने' लिहितो. फ्रेंच भाषेतही दोनच्या आतील संख्या एकवचनात घेतात, हे येथे सांगण्यासारखे आहे.

एका वाक्यात दोन संख्या आल्या की साचे दुपटीने वाढतात :

एका मुलीने एक संत्रे खाल्ले.
एका मुलीने पाच संत्री खाल्ली.
पाच मुलींनी एक संत्रे खाल्ले.
पाच मुलींनी पाच संत्री खाल्ली.

येथे क्रियापद कोणाच्या मागे गेले ते पाहा. खाणाऱ्या मुली किती, याची त्याला पर्वा नाही. ते संत्र्यांच्या वचनाने चालते. कारण हा कर्मणी प्रयोग आहे. 'प्रयोग कशाला शिकायचा?' असे विचारणाऱ्यास हे उत्तर पुरेसे आहे : तो न शिकलेल्या माणसाला हा साचा बरोबर लिहिता येणार नाही. शिवाय पहिल्या दोन वाक्यांत '१' हा अंक लिहिला तरी वाचताना तो 'एका' असा वाचावा लागतो, हेही विसरू नये.

साचा लिहिणाऱ्यास चार सूचना

पहिली : शब्द तोडून जोडू नका; प्रत्येक वचनासाठी पूर्ण वाक्य लिहा.

दुसरी : शून्यासाठी व माणसांसाठी स्वतंत्र विचार करा.

तिसरी : वाक्य साधत नसेल तेथे वहीखात्याची रीत धरा. 'आलेल्या पेट्या : १', 'आलेल्या पेट्या : ५' असे लिहिले तर दोन्ही खपतात, कारण मथळा हा त्या रकान्याचे नाव असतो, मोजलेल्या वस्तूंचे नव्हे. आपल्याकडील व्यापारी पिढ्यानपिढ्या असेच लिहीत आले आहेत.

चौथी : साचा तयार झाला की त्यात ०, १, २, दीड आणि २१ या संख्या घालून तो मोठ्याने वाचा. डोळा जी चूक सोडून देतो, ती कान धरतो.

कोणी म्हणेल, अर्थ कळला की झाले. 'एक पेट्या' वाचून कोणाचे काय अडते? एकदा वाचून काहीच अडत नाही. परंतु आजचे मूल पुस्तकापेक्षा पडदा अधिक वेळ वाचते. जे वाक्य दिवसातून दहा वेळा डोळ्यांपुढे येते, ते हळूहळू कानाला बरोबर वाटू लागते. महाराष्ट्रात रस्त्यावरची पाटी, वर्तमानपत्र, नाटक अशी दहा साधने अशा चुकीला सुधारावयास उभी असतात. आपल्या सीमाभागात ती साधने थोडी. घर आणि शाळा हीच मुख्य. म्हणून येथील मुलाला वचन अधिक पक्के यावे लागते, आणि उद्या त्यांतील काही मुलेच संगणकासाठी साचे लिहावयास बसतील, तेव्हा त्यांच्यापाशी ते असले पाहिजे.

स्वाध्याय

१. पुढील साच्यांची एकवचनी, अनेकवचनी व शून्याची वाक्ये लिहा : (अ) तुमची … वही तपासून झाली. (आ) आज … गाडी उशिरा आली. (इ) शाळेत … पाहुणे आले.

२. कळी, फोड, मळा, मजूर, बी, लिंबू, सासू यांची अनेकवचने सांगा व ती वेगवेगळ्या वाक्यांत वापरा.

३. 'पाच विद्यार्थ्यांनी एक झाड लावले' या वाक्यातील दोन्ही संख्या बदलून चार वाक्ये करा. क्रियापद कोणाप्रमाणे बदलते ते लिहा.

४. घरातील दूरध्वनीवर आलेला, संख्या असलेला एखादा मराठी संदेश उतरवून घ्या. त्यात वचनाची चूक असल्यास शुद्ध वाक्य लिहा आणि दोन्ही वाक्ये आजी-आजोबांना वाचून दाखवा. कोणते वाक्य बरोबर वाटते व का, हे त्यांच्याच शब्दांत वहीत टिपून आणा.